स्वतःकडची थकबाकी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की आपल्यासह बहुतेक दैनिकांत मन निरोगी कसे ठेवावे याविषयी लेख प्रसिद्ध होतात. झोप पुरेशी घ्यावी, मोबाइल दूर ठेवावा, रोज चालावे, चार माणसांत मिसळावे, हा त्यातील सल्ला योग्यच असतो आणि माझ्या वयाच्या मानाने मी तो बऱ्यापैकी पाळतोही. मात्र माणसाला मनापासून जे मोलाचे वाटते आणि तो रोज प्रत्यक्षात जे करतो, या दोहोंत अंतर पडत गेले तर त्याचे मनावर काय होते, हा प्रश्न त्या लेखांत क्वचितच दिसतो. मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही. पारोळा तालुक्यात विविध कार्यकारी सोसायट्यांचा (शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावोगावच्या सहकारी संस्थांचा) गटसचिव म्हणून माझी एकतीस वर्षे गेली आणि हा प्रश्न मला पुस्तकाने शिकवला नाही, वसुलीने शिकवला. पत्र थोडे लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही अशा वाचकांसाठी सांगतो. खरीप पीककर्जाची मुदत ३१ मार्चला संपते. त्याआधी भरणा केला तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळतो, नाही केला तर व्याजही चढते आणि पुढच्या हंगामाचे कर्जही अडते. म्हणून ज्याच्या हातात पैसा नसतो तो कोणाकडून तरी चार दिवसांसाठी हातउसने घेऊन भरणा करतो आणि नवे कर्ज मंजूर झाले की ते परत करतो. याला आम्ही ‘नवे-जुने करणे’ म्हणतो. बोरी नदीचा हा टापू बहुतांशी कोरडवाहू आणि कापसाचा. ज्या वर्षी पावसाने ओढ दिली किंवा गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली, त्या वर्षी मार्च महिन्यात गटसचिवाची मोटारसायकल गल्लीत शिरताना दिसली की घरातला कर्ता माणूस मागच्या दाराने शेताकडे निघून जातो. मोटारसायकलच्या आवाजावरून लोक मला ओळखत असत, आणि पहिली काही वर्षे मला त्याचा अभिमानही वाटे, हे कबूल केले पाहिजे.

निवृत्तीच्या आठ वर्षे आधीच्या मार्चमध्ये वरून तोंडी सूचना आली की, थकबाकीदारांच्या नावांचे फ्लेक्स गावाच्या वेशीवर लावावेत. तोंडीच, लेखी काही नव्हते. माझ्याकडे तेव्हा तीन सोसायट्या होत्या. मी तिन्ही गावांसाठी फ्लेक्स छापून घेतले आणि उभे राहून बांधून घेतले. त्यांपैकी एका गावच्या यादीत सातव्या क्रमांकावर माझ्या बालमित्राचे नाव होते. आम्ही एकाच बाकावर शिकलो आणि पोळ्याला बैल एकत्र धुतले. त्याच आठवड्यात त्याच्या मुलीचा साखरपुडा होता आणि पाहुणे त्याच वेशीतून आत आले. लग्न मोडले नाही, भांडण झाले नाही, कोणी मला एक शब्दही बोलले नाही. मित्राने फक्त रस्ता बदलला. सोसायटीच्या कार्यालयावरून जाणारी वाट सोडून तो खळ्यामागच्या पायवाटेने जाऊ लागला, इतकेच घडले.

त्यानंतर माझी झोप गेली. रात्री दोन-अडीचला जाग येई, छातीत धडधड होई, जेवण पचत नसे. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, पुढे रक्तदाब तपासला, पुढे जळगावी पाठवून हृदयाच्या तपासण्याही झाल्या. सगळे व्यवस्थित होते. वसुलीत त्या वर्षी माझा गट तालुक्यात वरच्या क्रमांकावर होता आणि मला शाल-श्रीफळ मिळाले होते, त्यामुळे कामाचा ताण म्हणावे तर यश मिळत होते आणि घरात म्हणावे तर सारे ठीक होते. शेवटी पत्नीच्या आग्रहाने जळगावच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि समुपदेशनासाठी त्यांच्याकडील एका तरुण समुपदेशक बाईंकडे पाठवले. वयाने त्या माझ्या मुलीएवढ्या, म्हणून मला ‘काका’ म्हणत.

तिसऱ्या भेटीत त्यांनी मला एक विचित्र प्रश्न विचारला. आपल्या खान्देशात गंधमुक्तीच्या दिवशी पिंडदान झाल्यावर लोक उभे राहून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतात. त्या म्हणाल्या, “काका, तुमच्या गंधमुक्तीला कोणी अगदी खरे बोलणार असेल, तर काय ऐकायला आवडेल?” मी ताबडतोब म्हणालो, हिशेबाला चोख माणूस होता. त्यांनी ते लिहून घेतले आणि गप्प बसल्या. बऱ्याच वेळाने माझ्या तोंडून निघाले की, हा माणूस दारात आला की बरे वाटायचे, असे कोणी म्हटले तर आवडेल. हे बोललो आणि मला रडू आले, कारण मी दारात आलो की माणसे मागच्या दाराने निघून जात होती, आणि ही व्यवस्था मी स्वतःच्या कष्टाने उभी केली होती.

पुढे या पद्धतीविषयी मी त्यांना विचारले, काही वाचलेही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून विकसित केलेल्या एका उपचारपद्धतीत मूल्यांना मध्यवर्ती स्थान आहे. दुःखद विचार आणि भावना हटवून लावण्याच्या झटापटीत माणूस आपले जगणे आकुंचित करत नेतो; त्याऐवजी त्या भावनांना सोबत असू द्यावे आणि आपल्याला जे मोलाचे वाटते त्या दिशेने लहान का होईना पण कृती करावी, असा तिचा ढोबळ आशय मला समजला. यातली मूल्ये शाळेच्या फळ्यावर रोज बदलणाऱ्या सुविचारासारखी नसतात. (तो सुविचार मी लहानपणी अनेकदा लिहिला आहे, त्यातला एकही आज आठवत नाही, पण अक्षर चांगले झाले.) ती ज्याची त्याने निवडायची असतात आणि कोणत्या गोष्टीने आपल्याला सर्वांत जास्त दुखते हे पाहिले की बहुधा सापडतात. मला थकबाकीचा आकडा दुखत नव्हता, मित्राची बदललेली वाट दुखत होती.

मूल्य आणि उद्दिष्ट यांतला फरक मला आमच्या शेतकरी बांधवांसाठी सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. एकरी दहा क्विंटल कापूस काढायचा, हे उद्दिष्ट झाले. ते पाऊस, अळी, मजूर आणि भाव अशा चार परक्या हातांत असते. रावेर-यावलकडच्या केळी बागायतदाराचे तर याहून कठीण. मे-जूनच्या वादळात घडांनी लदलेली उभी बाग पाहता पाहता आडवी होते आणि वर्षभराचे उद्दिष्ट मातीत जाते. ज्या माणसाने आपली सगळी किंमत त्या आकड्याला बांधलेली असते, तो बागेबरोबर स्वतःही आडवा होतो. ‘ही जमीन मला मिळाली त्याहून चांगली करून पोराच्या हाती द्यायची’ किंवा ‘माझ्यामुळे शेजाऱ्याचे नुकसान होऊ द्यायचे नाही’ हे मात्र मूल्य आहे, आणि ते बुडालेल्या हंगामातही पाळता येते. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून जादा कापूस घेण्याचा मोह सोडून वेळेवर पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उपटणारा शेतकरी त्या दिवशी दोन पैसे गमावतो, पण बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळू देत नाही, आणि त्यात शेजाऱ्याचेही रान वाचते. माझ्या पाहण्यात असा एक शेतकरी आहे, ज्याचे तीन हंगाम लागोपाठ फसले. तो दुःखी होता, कर्जात होता, तरी बांधावर भेटला की बोलत असे. त्याला विचारले तेव्हा म्हणाला की, पिकाचे काही माझ्या हाती नव्हते, पण शेणखत टाकायचे मी एकाही वर्षी चुकवले नाही. हे त्याने कोणत्याही उपचारपद्धतीचे नाव न ऐकता साधले होते.

आता दुसरी बाजू. मूल्याच्या नावाखाली आपण पुष्कळदा लोकलाज जपतो. लग्नात मानपान, हळदीला डीजे, पंगतीत अमुक पदार्थ, आहेरात तमुक, आणि या सर्वांना आपण ‘इज्जत’ म्हणतो. पीककर्ज म्हणून उचललेली रक्कम एप्रिल-मे महिन्यात लग्नात गेलेली मी इतक्या वेळा पाहिली आहे की, कर्जाच्या अर्जावर पिकाचे नाव वाचताना मनात वधूचे नाव येई. समुपदेशक बाईंनी सांगितलेली एक कसोटी येथे फार उपयोगी पडते. गावात कोणालाही कधीच कळणार नसेल, तरीही तुम्ही हे कराल का? डीजे कोणी लावणार नाही. आजारी आईचे पाय मात्र माणूस दार लावूनही चेपतो.

आणखी एक धोका अधिक गंभीर आहे आणि तो प्रामाणिक माणसांनाच असतो. मूल्य हट्टाला पेटले की ते आसूड होते. ‘घेतलेले कर्ज फेडावे’ ही निष्ठा आहे. ‘कर्ज फेडता आले नाही तर मी जगायच्या लायकीचा नाही’ हे त्याच निष्ठेचे विषारी रूप आहे. विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून हेच मांडले की, माणसाला इच्छा-आकांक्षांपेक्षा त्यांच्याभोवतीचा ‘झालेच पाहिजे’ हा आग्रह अधिक छळतो. एकतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो की, लाखो रुपये जाणूनबुजून थकवणारे लोक निवांत झोपतात, त्यांना कितीही नोटिसा द्या. रात्र रात्र जागतो तो पन्नास-साठ हजारांवाला, ज्याच्या बापाने कधी कोणाचे बुडवले नाही. आमचा फ्लेक्स नेमका त्याच माणसावर आदळतो, पहिल्याला तो दिसतही नाही.

मूल्यांची आपसांत ओढाताण होते, हेही मान्य केले पाहिजे. सुरतेला यंत्रमागावर गेलेल्या आमच्या गावच्या मुलांना म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहणे मोलाचे वाटते आणि मुलांची शाळाही मोलाची वाटते. दोन्ही एका गावात मिळत नाहीत. त्यावर तयार उत्तर मला माहीत नाही. काही जण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि कानबाईच्या सणाला न चुकता येतात आणि एरवी रोज रात्री फोन करतात. हे पुरेसे नसते, हे त्यांनाही ठाऊक असते.

मूल्यांवर निष्ठा ठेवली की मन आपोआप निरोगी राहते, असा निष्कर्ष मात्र या पत्रातून कोणी काढू नये. खान्देशाने तरी तो काढू नये. साने गुरुजी आपल्या अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिरात आले, पुढे तेथील प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते, आणि कायदेभंगाच्या चळवळीत उतरण्यासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ते शब्द टिपून ठेवणारे गुरुजीच. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७च्या मे महिन्यात त्यांनी उपोषण केले. बोलणे आणि वागणे यांत इतके कमी अंतर ठेवणारा माणूस आपल्या भागाने क्वचितच पाहिला असेल. आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन स्वतः संपवले. त्यांच्या मनात काय चालले होते याविषयी तर्क करण्याचा मला अधिकार नाही. आपण त्यांच्या जयंतीला त्यांची प्रेमळ वृत्ती सांगतो आणि शेवटाविषयी गप्प राहतो. त्या गप्पपणामुळे आजही अत्यंत तत्त्वनिष्ठ, सर्वांना धीर देणारी माणसे आपल्या मनाची अवस्था कोणाला सांगत नाहीत, एवढे मात्र मला ठामपणे वाटते. मूल्ये दिशा दाखवतात. चालणाऱ्याचा पाय मोडला असेल तर आधी तो पाय बांधावा लागतो. मला स्वतःला गोळ्या आठ महिने घ्याव्या लागल्या आणि त्या घेतल्या याची मला लाज वाटत नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) निरनिराळ्या मानसिक विकारांतील ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, तो चोवीस तास आणि विनामूल्य आहे. आमच्या तालुक्यात कृषी सेवा केंद्रांच्या दुकानांवर कीटकनाशकांच्या जाहिराती भिंतभर आहेत, हा पाच आकडी क्रमांक मात्र मी एकाही दुकानावर पाहिला नाही. शिवाय २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी व पुनर्वसन यांची जबाबदारी शासनावर टाकली आहे. तरीही गावात अजून ‘पोलीस केस होईल’ या भीतीने घरचे लोक रुग्णाला लपवतात.

मी पुढे काय केले, असा प्रश्न वाचकांना पडेल. मोठे काही नाही. नोकरी सोडली नाही. सोडण्यासारखी परिस्थिती नव्हती. आठवड्यातून एक संध्याकाळ वसुलीचे पुस्तक न घेता एखाद्या सभासदाच्या खळ्यावर जाऊन बसू लागलो. पहिले काही महिने लोकांना तो वसुलीचाच नवा डाव वाटला. व्याज सवलतीची मुदत फेब्रुवारीतच घरोघरी समजावून सांगू लागलो, कारण ३० मार्चला सांगितलेली मुदत ही धमकी असते. पुन्हा फ्लेक्सची सूचना आली तेव्हा लेखी आदेश मागितला. लेखी आदेश आला नाही, फ्लेक्सही लागले नाहीत. वसुली वाढली असे मी म्हणणार नाही. एका वर्षी ती घटली आणि मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिचे उत्तर लिहिताना हात थरथरला, पण त्या रात्री मी झोपलो.

या निमित्ताने संपादक महोदय, आपल्याला दोन विनंत्या आहेत. जिल्हा पुरवणीत बाजारभावाच्या चौकटीशेजारी १४४१६ हा क्रमांक रोज छापावा. ती चौकट आमच्याकडे सर्वांत जास्त वाचली जाते. दुसरी विनंती सहकार खात्याच्या कानावर आपल्यामार्फत जावी. वसुलीसाठी सहकार कायद्यात कलम १०१चा दाखला आहे, त्यापुढची जप्तीची कार्यवाही आहे, आणि ती समर्थ कर्जदारावर अवश्य व्हावी. मार्चमध्ये गावच्या वेशीवर नावे टांगण्याची पद्धत मात्र स्पष्ट परिपत्रक काढून थांबवावी. ज्या कर्मचाऱ्यांना ती नावे टांगावी लागतात त्यांच्यासाठीही हे परिपत्रक हवे आहे, हे मी त्यांच्यातला एक म्हणून सांगतो.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी मित्राच्या खळ्यावर गेलो होतो. त्याने वर न पाहता विचारले, “आते कसाले उना?” आता कशाला आलास, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून बसून राहिलो. तेव्हापासून दर गुरुवारी जातो. त्याने मला माफ केले आहे की नाही हे मी विचारलेले नाही. हे पत्र पाठवण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी म्हणून परवा त्याला वाचून दाखवले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच दुरुस्ती सांगितली. फ्लेक्स किती दिवस होता ते तू लिहिले नाहीस, म्हणाला. मला वाटत होते, चार-पाच दिवस असेल. तो अकरा दिवस होता.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गटसचिव
ता. पारोळा, जि. जळगाव
(नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी सोबत जोडला आहे, प्रसिद्ध करू नये.)